कलामहर्षी बाबूराव पेंटर

चित्रकाराची साधने कोणती, असे विचारले, तर कुंचला, रंग आणि कागद ही नावे कोणीही सांगेल. परंतु कोल्हापुरातील एका चित्रकाराने या साधनांत भिंग, दातेरी चाके आणि फिल्मची लांबच लांब पट्टी यांची भर घातली. हे नवे साधन विकत घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता आणि ते कसे बनवावे हे शिकविणारा गुरूही जवळ नव्हता. तेव्हा त्याने ते स्वतःच घडविले. १९१८ साली चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा आपल्या हातांनी तयार करणाऱ्या या चित्रकाराचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. अवघा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांच्या घराण्यात हस्तकौशल्य परंपरेने चालत आले होते. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. लाकूड, लोखंड आणि रंग यांच्याशी घरातल्या मुलांची ओळख अक्षरओळखीइतक्याच लवकर होई. बाबूरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही आणि चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात त्यांनी पाऊल टाकले नाही. पण पाहावे, करून पाहावे, चुकले तर मोडून पुन्हा करावे, ही कारखान्यातली शिकवण त्यांना लहानपणीच मिळाली. त्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मल्लविद्या, संगीत, नाट्य आणि चित्रकला या सर्वच कला बहरल्या होत्या. आबालाल रहिमान यांच्यासारखे थोर चित्रकार त्याच नगरीत राहत होते. अशा वातावरणात बाबूराव वाढले.

त्यांच्या नात्यातील आनंदराव हे त्यांना वडील बंधूंच्या ठिकाणी होते. आनंदरावही चित्रकार होते आणि यंत्रांचेही त्यांना विलक्षण वेड होते. दोघांनी मिळून नाटकांचे पडदे रंगविण्याचा व्यवसाय केला. तो संगीत नाटकांचा सुवर्णकाळ होता. रंगभूमीवर राजवाडा, अरण्य, नगरातील रस्ता किंवा नदीचा घाट दाखवायचा म्हणजे मागे भव्य रंगीत पडदा सोडावा लागे. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करणे हे त्या कामातील खरे कसब. महालाचे खांब दूर दूर जाताना कसे लहान होत जातात, छाया कोठे पडते, दिव्याच्या उजेडात कोणता रंग उठून दिसतो, या सर्व गोष्टींचा या बंधूंनी कसून अभ्यास केला. १९१० ते १९१६ या काळात त्यांच्या पडद्यांची कीर्ती दूरवर पसरली. मराठी नाटक मंडळ्यांप्रमाणेच गुजराती व पारशी नाटक कंपन्याही त्यांच्याकडून पडदे करवून घेऊ लागल्या. पेंटर हे इंग्रजी नाव त्यांना या व्यवसायामुळे चिकटले आणि पुढे तेच त्यांचे आडनाव झाले.

याच सुमारास एक नवल भारतात रुजू लागले होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा संपूर्ण चित्रपट निर्माण केला. फाळके हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, छायाचित्रण व शिळाछापाचे तंत्र अवगत असलेले कलावंत होते. थोर चित्रकार राजा रविवर्मा यांनी आपली चित्रे घरोघर पोहोचावीत म्हणून १८९४ साली मुंबईत छापखाना काढला व नंतर तो पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळील मळवली येथे नेला. या छापखान्यासाठीही फाळके यांनी काम केले होते. कलावंताने नव्या यंत्राचा हात धरण्याची वाट अशी महाराष्ट्रात आधीच पडू लागली होती. आनंदराव व बाबूराव यांनी फाळके यांचा चित्रपट पाहिला आणि त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले. आपण वर्षानुवर्षे पडद्यावर स्थिर चित्रे काढली, येथे तर पडद्यावरचे चित्र चालते, हसते, रडते. हे आपल्यालाही साधले पाहिजे, असा ध्यास दोघांनी घेतला.

वास्तविक प्रकाशाचे यंत्र आणि चित्रकार यांचा स्नेह फार जुना आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले, तर बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने या चमत्काराचा अभ्यास केला होता. कॅमेरा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही खोली असाच आहे. पुढे युरोपातील चित्रकार अशी अंधारी पेटी भिंग बसवून जवळ बाळगू लागले आणि तिच्यात उमटणाऱ्या दृश्याच्या रेषा कागदावर गिरवू लागले. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अचूक रेखाटनासाठी बनविलेली निरनिराळी उपकरणे चित्रांसह दाखविली आहेत. छायाचित्रणाच्या आरंभीच्या शोधकांपैकी फ्रान्समधील दागेर हा तर बाबूरावांप्रमाणेच नाटकांचे देखावे रंगविणारा चित्रकार होता. आपल्या देखाव्यांसाठी तो अंधाऱ्या पेटीचा उपयोग करी. त्या पेटीतील प्रतिमा कायमची टिकविण्याच्या धडपडीतूनच त्याची छायाचित्रणाची पद्धत जन्माला आली व ती १८३९ साली जगासमोर आली. पॅरिस आणि कोल्हापूर यांच्यात हजारो कोसांचे अंतर होते, पण दोन्ही ठिकाणी पडदे रंगविणारे हातच भिंगाकडे वळले, ही मोठी लक्षणीय गोष्ट आहे.

कॅमेरा विलायतेहून मागवावा, तर त्याला मोठी रक्कम हवी. म्हणून दोघे बंधू मुंबईच्या जुन्या बाजारात गेले आणि त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र विकत घेतले. ते चालवून त्यांनी चित्रपट दाखविले आणि ते उघडून त्यातील एकेक भाग न्याहाळला. चित्रपट म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची माळ असते. त्या काळी मूकपट टिपताना एका सेकंदात साधारणपणे सोळा चित्रे टिपली जात. फिल्मच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर छिद्रे असतात. यंत्राचे दाते त्या छिद्रांत अडकतात, फिल्म एक घर पुढे ओढतात आणि क्षणभर थांबवितात. ती थांबलेली असतानाच झडप उघडते आणि प्रकाश आत किंवा बाहेर जातो. दाखविण्याच्या यंत्रात प्रकाश आतून बाहेर पडद्यावर जातो, तर टिपण्याच्या यंत्रात तो बाहेरून आत फिल्मवर येतो. बाकी फिल्म ओढण्याची व थांबविण्याची युक्ती दोन्हींत सारखीच. ही गोष्ट ध्यानात येताच आनंदरावांना मार्ग सापडला. दाखविण्याच्या यंत्रावरून टिपण्याचे यंत्र घडवायचे, असा त्यांनी निश्चय केला आणि कामाला आरंभ केला.

परंतु नियतीच्या मनात वेगळेच होते. १९१६ साली, काम अपुरे असतानाच, आनंदराव निवर्तले. बाबूरावांचा भाऊ, सहकारी आणि मार्गदर्शक एकाच वेळी हरपला. त्यावेळी बाबूराव अवघे सव्वीस वर्षांचे होते. पडद्यांचा व्यवसाय चांगला चालला होता. अर्धवट यंत्र अडगळीत टाकून ते सुखाने राहू शकले असते. पण भावाचे स्वप्न अपुरे ठेवणे त्यांना मानवले नाही. पडदे रंगविण्याच्या कामात साहाय्य करणारे विष्णुपंत दामले हे यंत्रकामातही निष्णात होते. त्यांना हाताशी धरून बाबूरावांनी काम पुढे चालविले. अशा यंत्रात केसभर चूकही चालत नाही. दात्यांचे अंतर किंचित कमीअधिक झाले, तर फिल्म फाटते. ती नेमक्या जागी थांबली नाही, तर पडद्यावर चित्र थरथरते. पेटीला बारीक फट राहिली, तरी प्रकाश आत शिरून सगळी फिल्म काळवंडते. एकेक भाग करावा, जुळवावा, पुन्हा सोडवावा, असे चालले होते. अखेर १९१८ साली कॅमेरा तयार झाला. कोल्हापूरच्या कारागिरांच्या हातून घडलेले हे यंत्र खरोखर चित्रे टिपू लागले!

त्याच वर्षी बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. कॅमेरा झाला, तरी चित्रपटासाठी भांडवल हवे होते. ते तानीबाई कागलकर या गायिकेने पुरविले. ज्या धंद्याच्या यशाची कोणालाही खात्री नव्हती, त्यात आपला पैसा घालणाऱ्या या बाईंचे धैर्य लहान नव्हते. दुसरी अडचण याहून बिकट होती. चित्रपटात काम करणे स्त्रियांना कमीपणाचे समजले जाई. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम पुरुषानेच केले होते. बाबूरावांच्या चित्रपटात मात्र दोन स्त्रिया लोकनिंदा पत्करून पुढे आल्या. अशा रीतीने महाभारतातील कथेवर ‘सैरंध्री’ हा चित्रपट तयार झाला आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात तो झळकला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला, बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि सिनेमाकेसरी ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. परदेशी यंत्रावाचून देशी माणसांनी केलेले हे काम पाहून स्वदेशीच्या त्या पुरस्कर्त्याला किती आनंद झाला असेल, याची कल्पना सहज करता येते. कीचकवधाचे दृश्य तर इतके हुबेहूब साधले होते, की प्रेक्षकांना ते सोसवणार नाही म्हणून पुढे ते चित्रपटातून गाळावे लागले.

बाबूरावांनी कॅमेरा घडविला खरा, पण नंतर कॅमेऱ्यानेही बाबूरावांना पुष्कळ शिकविले. नाटकाच्या प्रेक्षकाला लांबून रंगविलेला खांब खरा वाटतो. कॅमेऱ्याच्या भिंगाला तो फसवीत नाही. पात्र पडद्याच्या जवळ गेले, की त्याची सावली रंगविलेल्या आकाशावर पडते आणि सारा भास नाहीसा होतो. तेव्हा ज्या पडद्यांनी बाबूरावांना नावलौकिक दिला, ते पडदे त्यांनी चित्रपटातून दूर केले. त्यांच्या जागी खरेखुरे खांब, भिंती, दालने आणि पायऱ्या उभ्या करून पात्रांना त्यांत वावरायला लावले. रंगांचेही तसेच झाले. त्या काळच्या फिल्मवर सारे काळ्यापांढऱ्या छटांतच उमटे. तांबडा रंग काळा दिसे आणि निळे आकाश पांढरे फटक होई. पडद्यासाठी काम करणाऱ्या चित्रकाराला रंगांची ओळख जणू नव्याने करून घ्यावी लागे. तथापि कुंचला बाबूरावांनी खाली ठेवला नाही. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांचे वेष, त्यांची ठेवण आणि हालचाली कागदावर रेखाटीत. त्यामुळे नटाला आपण कसे दिसणार आहोत हे आधीच समजे. आधी चित्र, मग अभिनय आणि मग यंत्र, असा त्यांचा क्रम होता.

१९२३ साली त्यांनी ‘सिंहगड’ हा ऐतिहासिक चित्रपट काढला. तोवर आपल्याकडे चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. तानाजी मालुसरे यांनी गड घेतला तो रात्रीच्या अंधारात. मग भर दुपारच्या उन्हात ते दृश्य कसे पटावे? बाबूरावांनी प्रखर दिव्यांची योजना करून रात्रीची दृश्ये टिपली. कृत्रिम प्रकाशाचा असा उपयोग भारतीय चित्रपटांत त्यांनीच प्रथम केला, असे मानले जाते. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी छापल्या आणि मोठमोठी जाहिरातचित्रे स्वतः रंगविली. रस्त्याने जाणारा माणूस ती पाहत थांबून राही. पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळत होती. पुराणातील चमत्कार आणि इतिहासातील पराक्रम पाहण्यासाठी लोक गर्दी करीत होते. बाबूरावांनी तोच मार्ग धरून ठेवला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांचे लक्ष आता देवांच्या स्वर्गातून आणि राजांच्या महालांतून निघून एका झोपडीकडे वळले. ती झोपडी कर्जबाजारी शेतकऱ्याची होती.

शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी महाराष्ट्राला नवी नव्हती. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हा मुलूख त्या कहाणीचा जुना साक्षीदार आहे. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्या या मुलखातून वाहतात. तरी पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा झाला व त्याच्या काठची शेते भिजू लागली, पण त्यापूर्वी बहुतेक शेती आभाळाकडे डोळे लावूनच चाले. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरविण्याची नवी पद्धत १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातच प्रथम अमलात आली. ती मुदत संपल्यावर सारा वाढविण्यात आला. त्याच सुमारास कापसाचे भाव कोसळले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार हवे तेवढे कर्ज देत होते. युद्ध संपताच भाव उतरला आणि कर्ज तेवढे डोक्यावर राहिले.

बहुतेक शेतकऱ्यांना लिहितावाचता येत नसे. कर्जरोख्यावर सही म्हणून ते नांगराची निशाणी करीत. वर काय लिहिले आहे, व्याज किती आहे, घेतलेली रक्कम खरीच तेवढी आहे की नाही, हे त्यांना कळत नसे. न्यायालयात मात्र तो कागद बोले आणि निशाणी करणारा मुका राही. एकेक करून जमिनी सावकारांच्या नावावर चढू लागल्या. अखेर १२ मे १८७५ रोजी सुपे येथे लोकांच्या संतापाचा स्फोट झाला. सुपे हे गाव त्यावेळी भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या गावांतील शेतकरी तेथे जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून घेतले आणि त्यांची होळी केली. हा वणवा इंदापूर, शिरूर इत्यादी तालुक्यांत आणि अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद नष्ट करण्याकडेच शेतकऱ्यांचा रोख होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी कायदा केला. त्या कायद्याने काही अन्याय दूर झाले, पण कर्जाचा फास सुटला नाही. पन्नास वर्षे लोटली, तरी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत तोच नांगर आणि तीच निशाणी दिसत होती.

१९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ हा चित्रपट निर्माण केला. त्याची कथा प्रसिद्ध कादंबरीकार नारायण हरी आपटे यांची होती. ती सुपे येथील घटनेवर आधारलेली नव्हती. पण ज्या दुःखातून ती घटना घडली, तेच दुःख या कथेत होते. एक गरीब शेतकरी सावकाराच्या खोट्या कागदपत्रांच्या जाळ्यात सापडतो, त्याची जमीन जाते आणि पोटासाठी गाव सोडून त्याला शहरात गिरणीमजूर व्हावे लागते, एवढीच ती साधी कहाणी. तीत देव प्रकट होत नाही आणि तलवार चमकत नाही. तरुण शेतकऱ्याचे काम कंपनीतील चोवीस वर्षांच्या शांताराम वणकुद्रे यांनी केले. हेच पुढे व्ही. शांताराम या नावाने कीर्तिमान झाले. झगमगणारे महाल उभारणाऱ्या बाबूरावांनी या चित्रपटात दारिद्र्याचे दर्शन घडविले. मंद उजेडातली उदास झोपडी आणि तेथे भेसूर रडणारे कुत्रे, हे याच कथेवर पुढे निघालेल्या बोलपटातील दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या जाणत्या निर्मात्याच्या मनावर कायमचे कोरले गेले. दिवे कोठे लावावेत हे जसे बाबूरावांना ठाऊक होते, तसेच ते कोठे मालवावेत हेही त्यांना ठाऊक होते. ज्यांना कर्जरोखा वाचता येत नव्हता, त्यांनाही वाचता येईल अशा चित्रांच्या लिपीत त्यांनी त्या रोख्याची कथा मांडली.

जाणकारांनी या चित्रपटाची वाखाणणी केली. परंतु सामान्य प्रेक्षक त्याकडे फिरकला नाही. दिवसभर कष्ट करून चित्रपटाला येणाऱ्या माणसाला पडद्यावर स्वर्गलोक हवा होता. आपलेच दुःख पुन्हा पाहण्यास त्याचे मन धजत नव्हते. धंद्याच्या दृष्टीने चित्रपट अपयशी ठरला. कंपनीत अनेक माणसे पोटाला लागली होती, त्यांचे भागले पाहिजे होते. बाबूरावांना पुन्हा पौराणिक कथांकडे वळावे लागले. पण भारतीय चित्रपटसृष्टीत समाजातील खऱ्या प्रश्नाला असे धैर्याने हात घालणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत ‘सावकारी पाश’चे स्थान फार वरचे आहे, हे पुढच्या काळाने मान्य केले. आणि बाबूरावांनीही तो विषय मनातून काढून टाकला नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही केवळ चित्रपट काढणारी संस्था नव्हती, ती एक शाळाच होती. तेथे सुतारकाम, रंगकाम, कॅमेरा, फिल्म धुणे, अभिनय अशी सर्व कामे प्रत्यक्ष करीत शिकावी लागत. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे सारे याच शाळेत तयार झाले. १९२९ साली त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. दामले व फत्तेलाल यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा पुढल्या वर्षी व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्या पुण्यातील जागेतच १९६० साली चित्रपटकलेचे शिक्षण देणारी शासकीय संस्था सुरू झाली. कोल्हापूरच्या त्या कॅमेऱ्यापासून निघालेला ओघ असा दूरवर गेला.

शिष्य दुरावले आणि काळही पालटला. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि थोड्याच दिवसांत मूकपटांचे दिवस सरले. प्रत्येक नवे यंत्र आनंदाने स्वीकारणाऱ्या बाबूरावांना हे नवे यंत्र मात्र तितकेसे रुचले नाही. शब्दांच्या गलबल्यात चित्राची भाषा हरपेल, अशी भीती त्यांना वाटे. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. तरीही बाबूरावांनी हटवादीपणा केला नाही. त्यांनी बोलपटाचे तंत्र आत्मसात केले, ‘उषा’, ‘प्रतिभा’ इत्यादी बोलपट दिग्दर्शित केले आणि १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी आवाजासह. पहिल्या खेपेस नाकारली गेलेली ती कथा लोकांनी ऐकावी, म्हणून त्यांनी न आवडणाऱ्या यंत्राशीही सख्य केले. उत्तरायुष्यात त्यांचा बराच काळ चित्रे व शिल्पे घडविण्यात गेला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात या कलामहर्षीची जीवनयात्रा संपली.

‘सावकारी पाश’ या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म लवकर पेट घेणारी आणि लवकर विरणारी असे. मूकपटांच्या युगातील बहुतेक भारतीय चित्रपट असेच काळाच्या उदरात गडप झाले. शेतकऱ्याच्या दुःखाचे ते चित्र पाहणारे डोळेही आता राहिले नाहीत. पण त्या चित्राची आठवण पुसली गेलेली नाही. पुढे ज्यांनी ज्यांनी भारतातील खेडे आणि त्यातील माणूस पडद्यावर खरेपणाने उभा केला, त्यांच्या आधी या वाटेने एक माणूस जाऊन आला होता, हे चित्रपटाचा इतिहास लिहिणारे आवर्जून सांगतात.

साधने नेहमीच बदलत राहतात. बोरूच्या जागी टाक आला आणि शिळाछापाच्या जागी नवी यंत्रे आली. हाताने फिरवायचा कॅमेराही आता वस्तुसंग्रहालयात पोहोचला आहे. बाबूरावांना ज्यासाठी वर्षानुवर्षे झिजावे लागले, ते यंत्र आज खिशात मावते. सुपे किंवा इंदापूर येथील मुलगाही आपल्या शेताचे चालते चित्र क्षणात टिपू शकतो. परंतु भिंग कोणाकडे वळवायचे, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते. बाबूरावांनी आपले यंत्र आधी स्वतः घडविले आणि मग ते अशा माणसाकडे वळविले, की ज्याच्याकडे पाहण्यास फारसे कोणी तयार नव्हते. त्यात त्यांना तोटा आला. तरीही अकरा वर्षांनी त्यांनी ते पुन्हा तिकडेच वळविले.